जन्मतारीख असलेलं चॅपेल

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या काठी डीअरहर्स्ट नावाचं छोटंसं खेडं आहे. गावात एक जुनं घर आहे, काळ्या लाकडाची चौकट आणि मधे पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती. त्या घराला चिकटून एक उंच, अरुंद, दगडी खोली उभी आहे. सहज नजर टाकणारा माणूस म्हणेल, घरमालकाचं धान्याचं कोठार असणार. प्रत्यक्षात ते ओड्डा नावाच्या सरदाराने बांधलेलं चॅपेल आहे आणि त्याचा अर्पणविधी 12 एप्रिल 1056 रोजी झाला.

ही तारीख दिसते तेवढी साधी गोष्ट नाही. त्या काळच्या बहुतेक इमारतींचं शतक जरी ठरवता आलं तरी अभ्यासक सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे मात्र दिवस माहीत आहे, बांधणारा माहीत आहे, कशासाठी बांधलं ते माहीत आहे आणि विधी करणारा बिशपही माहीत आहे. इतकी माहिती हातात असून मधली कित्येक शतकं हे चॅपेल हरवलेलं होतं. तेही जंगलात किंवा मातीखाली नाही. लोक त्यात राहत होते, त्यात चूल पेटत होती.

आधी चॅपेल म्हणजे काय ते पाहू. गावाचं चर्च हे सगळ्या गावाचं असतं. तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन असे सगळे विधी होतात. चॅपेल त्या मानाने खासगी. एखाद्या मोठ्या घराण्याचं, मठाचं किंवा वाड्याचं प्रार्थनास्थान. आपल्याकडे वाड्यात स्वतंत्र देवघर असतं तसं. डीअरहर्स्टला दोन्ही आहेत. सेंट मेरीचं चर्च ओड्डाच्या कितीतरी आधीचं, एका जुन्या मठाचं. तिथून साधारण 200 मीटरवर हे चॅपेल.

ओड्डा हा राजा एडवर्डच्या नात्यातला आणि विश्वासातला माणूस. 1051 मध्ये गॉडविन या बलाढ्य सरदाराला राजाने देशाबाहेर घालवलं, तेव्हा त्याच्या ताब्यातल्या नैऋत्य इंग्लंडच्या मुलखाची सरदारकी ओड्डाला मिळाली. वर्षभरात गॉडविन आरमार घेऊन परत आला, राजाला नमतं घ्यावं लागलं आणि ओड्डाचं पद गेलं. राजकारणात असं होतंच. तरी राजाची मर्जी त्याच्यावर राहिली. त्याचा भाऊ एल्फ्रिक 22 डिसेंबर 1053 रोजी डीअरहर्स्टला वारला. त्याचा देह पर्शोअरच्या मठात नेऊन पुरला. म्हणजे हे चॅपेल भावाची कबर नाही. भावाने जिथे प्राण सोडला तिथे, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून ते बांधलं. मेलेल्या माणसाच्या आत्म्याला जिवंत माणसांच्या प्रार्थनेने मदत होते, अशी त्या काळच्या ख्रिस्ती समाजाची पक्की श्रद्धा होती. पैसेवाले लोक त्यासाठी वेदी, जमीन, पाद्री अशी कायमची सोय लावून ठेवत.

चॅपेल पूर्ण झालं त्याच वर्षी 31 ऑगस्टला ओड्डाही गेला. मरणापूर्वी त्याने संन्यास घेतला होता, म्हणजे मठवासी झाला होता. समकालीन बखरीत त्याच्याबद्दल चांगला, निर्मळ, थोर माणूस असे शब्द आहेत. बखरकार सरदारांवर इतके खूश क्वचितच दिसतात.

बागेत सापडलेला दगड

आता तारखेकडे येऊ. 1675 मध्ये डीअरहर्स्टच्या एका फळबागेत सर जॉन पॉवेल यांना एक कोरीव दगड मिळाला. त्यावर लॅटिन मजकूर होता. आशय असा : सरदार ओड्डाने आपला भाऊ एल्फ्रिक, ज्याचा आत्मा याच ठिकाणाहून वर नेला गेला, त्याच्यासाठी पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती देवरूपाच्या) नावे ही वास्तू बांधवली, बिशप एल्ड्रेडने एप्रिलच्या ईड्‌सच्या आदल्या दिवशी, इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी ती अर्पण केली.

इथे इसवी सनाचा आकडा नाही, हे लक्षात घ्या. तो काढावा लागतो. रोमन पद्धतीत महिन्याच्या मधल्या एका ठरावीक दिवसाला ईड्‌स म्हणत. एप्रिलचा ईड्‌स 13 तारखेला येतो, म्हणून आदला दिवस 12 एप्रिल. वर्षासाठी राजाची कारकीर्द मोजायची. एडवर्ड जून 1042 मध्ये गादीवर आला, पण त्याचा राज्याभिषेक झाला 3 एप्रिल 1043 रोजी. मग चौदावं वर्ष कुठून मोजायचं? गादीवर आला तेव्हापासून मोजलं तर ते जून 1055 ते जून 1056 असं येतं. राज्याभिषेकापासून मोजलं तर 3 एप्रिल 1056 ते 2 एप्रिल 1057. दोन्ही वर्षांत 12 एप्रिल हा दिवस एकदाच येतो आणि दोन्ही हिशोबांत तो 1056 सालातच पडतो. अशा गणितात सहसा एक वर्षाचा घोळ उरतो. इथे नशिबाने उरला नाही.

मराठी वाचकाला ही खटपट नवी नाही. आपल्या शिलालेखांवर शक असतो, त्यात 78 मिळवून इसवी सन काढायचा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलाहारांचा लेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा. ओड्डाच्या चॅपेलनंतर जेमतेम चार वर्षांनी. त्या लेखातला पहिला आकडा सुरुवातीला सात असा वाचला गेला होता आणि देऊळ एकदम दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं! पुढे तो नऊ असल्याचं ठरलं. कोरलेला दगड खोटं बोलत नसला तरी वाचणारा चुकू शकतो.

डीअरहर्स्टला चूक वेगळी झाली. मजकूर बरोबर वाचला, इमारत चुकीची ठरली. लेखात जी वास्तू म्हटली आहे ती कोणती? दगडात तिचं वर्णन फार भारदस्त शब्दांत केलेलं, राजाच्या दरबाराला शोभेल असं. गावात तशी जुनी भव्य इमारत एकच दिसत होती, सेंट मेरीचं चर्च. तेव्हा दगड त्याचाच, असं सगळे धरून चालले. चर्चला 1056 हे साल चिकटलं. प्रत्यक्षात त्याचे काही भाग त्याहून शतकांनी जुने आहेत.

दगड पुढे ऑक्सफर्डला गेला. आज तो तिथल्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे.

स्वयंपाकघर

1865 मध्ये त्या काळ्या-पांढऱ्या घराची दुरुस्ती निघाली. या घराचं नाव अ‍ॅबट्स कोर्ट. ओड्डानंतर डीअरहर्स्टची जमीन राजा एडवर्डने दोन मठांत वाटली. एक भाग पॅरिसजवळच्या सें-दनी मठाला, दुसरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठाला. चॅपेलची जागा वेस्टमिन्स्टरच्या वाट्यात आली. अ‍ॅबट म्हणजे मठाधिपती, त्याच्या नावावरून घराचं नाव. दुरुस्तीच्या कामात घराच्या एका टोकाच्या भिंती नको तितक्या जाड आणि जुन्या निघाल्या, गिलाव्याखाली सॅक्सन पद्धतीचं, म्हणजे 1066 च्या आधीच्या इंग्रजांच्या धाटणीचं बांधकाम दिसलं. घराचं स्वयंपाकघर हे चॅपेलचं मुख्य दालन होतं.

गावचे पाद्री जॉर्ज बटरवर्थ यांनी या शोधाचा पाठपुरावा केला. बागेतला दगड आणि ही खोली यांची गाठ घालणारे तेच. 1885 मध्ये घराच्याच बांधकामात पुन्हा वापरलेला आणखी एक कोरीव दगड हाती लागला. तो एका वेदीच्या अर्पणाचा होता आणि त्यातही पवित्र त्रैक्याचाच उल्लेख होता. आता शंका घ्यायला जागा राहिली नाही.

चॅपेल वापरातून का गेलं असेल? भावासाठी प्रार्थना करवणारा माणूस चार-साडेचार महिन्यांत गेला, जमीन दूरच्या मठाकडे गेली, आणि हाकेच्या अंतरावर मोठं चर्च होतंच. अशा छोट्या वास्तूचा वाली उरत नाही. मग गवंड्याच्या हिशोबाने विचार करा. चार भक्कम दगडी भिंती तयार उभ्या आहेत. पाडायला मजुरी लागते, वापरायला काही लागत नाही. मधे मजला घातला, धुराची वाट काढली, वर छप्पर नवीन केलं, झालं घर. अशा घरावर दर पिढीत कुणीतरी कौलं बदलतं, गळकं दुरुस्त करतं, भिंतींना चुना मारतं. पाणी आत शिरत नाही. जुन्या वास्तूला सर्वांत मोठा शत्रू पाणी. इंग्लंडमधली मोठमोठी मठमंदिरं 1530 च्या दशकात राजा आठव्या हेन्रीने बरखास्त केल्यावर उघडी पडली आणि त्यांच्या छपरांचं शिसं नि भिंतींचे दगड लोकांनी नेले. हे चॅपेल कुणाच्या डोळ्यांवर येण्याइतकं चॅपेलसारखं उरलंच नव्हतं. माझ्या मते ते टिकलं यात श्रद्धेचा वाटा थोडा आणि स्वयंपाकघराचा फार मोठा.

भिंती कशा वाचायच्या

आत दोनच दालनं. मुख्य दालन सुमारे पावणेआठ मीटर लांब आणि पाच मीटरला थोडं कमी रुंद. त्यापुढे वेदीचं दालन, त्याहून लहान. दोहोंच्या मधे गोल कमान. मुंबईतल्या टू-बीएचकेचा हॉल आणि एक बेडरूम, एवढाच पसारा. उंची मात्र पाच मीटरच्या आसपास, त्यामुळे आत गेल्यावर मान वर होते.

सॅक्सन बांधकाम ओळखायच्या काही खुणा असतात आणि त्यातल्या ठळक इथे सापडतात. भिंती ओबडधोबड दगडांच्या, पण कोपऱ्यांना घडीव दगड. ते एक उभा, एक आडवा असे आलटून पालटून रचलेले. उभा दगड खांबासारखा, आडवा भिंतीत घुसून पकड घेणारा. दुसरी खूण खिडक्यांची. खिडकी भिंतीच्या जाडीच्या मधोमध सर्वांत अरुंद आणि तिथून आत नि बाहेर दोन्हीकडे फाकत गेलेली, डमरू आडवा धरल्यासारखी. काच दुर्मीळ, म्हणून भोक लहान ठेवायचं. पण बाजू फाकवल्यामुळे त्या लहान भोकातून येणारा उजेड खोलीभर पसरतो. मधल्या अरुंद जागी लाकडी चौकट बसवत. इथल्या एका खिडकीत मूळ ओकच्या चौकटीचा भाग अजून शिल्लक आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षांचं खिडकीचं लाकूड जागच्या जागी पाहायला मिळणं ही फार थोड्या ठिकाणची गोष्ट. दगडी लेखापेक्षा मला हे लाकूड जास्त नवलाचं वाटतं.

आता या सगळ्याला तारखेमुळे काय फरक पडतो? इंग्लंडभर खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये सॅक्सन काळाचे तुकडे आहेत. इथे कोपरा, तिथे खिडकी. बहुतेकांवर तारीख नाही. त्यांचं वय ठरवायचं तर तारीख असलेल्या एखाद्या इमारतीशी ताडून पाहावं लागतं. अशा पक्क्या तारखेच्या वास्तू हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. उत्तरेत जॅरोच्या चर्चमध्ये 23 एप्रिल 685 चा अर्पणलेख आहे. यॉर्कशरमध्ये कर्कडेलच्या चर्चवर एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर राजा एडवर्ड आणि सरदार टॉस्टिग यांची नावं असल्यामुळे ते 1055 ते 1065 या दहा वर्षांतलं ठरतं. आणि हे चॅपेल, दिवसासकट. म्हणून दोन खोल्यांच्या वास्तूला अभ्यासकांच्या लेखी एवढं वजन.

त्यात साल कोणतं? 1056. दहा वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1066 रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रज राजा हॅरल्ड मारला गेला आणि फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे नॉर्मन लोक आले. त्यांनी मोठमोठी चर्च पाडून आपल्या पद्धतीची बांधली. तेव्हा हे चॅपेल सांगतं की नॉर्मन येण्याच्या तोंडावर इंग्रज सरदाराचा गवंडी कसं बांधत होता. गंमत अशी की ज्या बिशप एल्ड्रेडने हे चॅपेल अर्पण केलं, तोच पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला आणि 1066 च्या नाताळात नॉर्मनांच्या नेत्याच्या, विजेत्या विल्यमच्या डोक्यावर त्यानेच मुकुट ठेवला.

'संरक्षित' म्हणजे नक्की काय

इथे खरी गुंतागुंत सुरू होते. संरक्षित स्मारक म्हटलं की निळा बोर्ड आणि कुंपण एवढंच आपल्याला आठवतं. डीअरहर्स्टमध्ये 200 मीटरच्या टप्प्यात तीन जुन्या वास्तू आहेत आणि तिघींचं संरक्षण तीन वेगळ्या तऱ्हांनी होतं.

ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा 1882 मध्ये झाला. खासदार सर जॉन लबक यांनी तो मंजूर व्हावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली होती. संसदेतले जमीनदार म्हणत, माझ्या जमिनीवरच्या दगडाला सरकारने का हात लावावा? शेवटी जो कायदा झाला तो मवाळ होता. पहिल्या यादीत 68 स्थळं, जवळजवळ सगळी प्रागैतिहासिक. स्टोनहेंज त्यात होतं. चर्च, चॅपेलांना स्थान नव्हतं. पण त्यात एक कामाची कल्पना आली : मालकी मालकाकडेच राहू दे, देखभालीची जबाबदारी मात्र तो सरकारकडे सोपवू शकेल. या पालकत्वाच्या कल्पनेवर पुढची व्यवस्था उभी राहिली. आज लागू आहे तो 1979 चा कायदा.

या कायद्यात दोन अपवाद आहेत. ज्या चर्चमध्ये उपासना चालू आहे, ते प्राचीन स्मारक म्हणून नोंदवता येत नाही. आणि ज्या घरात माणसं राहतात, तेही नाही. अपवाद फक्त राखणदाराच्या घराचा. आता डीअरहर्स्टकडे बघा. सेंट मेरीच्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, म्हणून तिथे खिळा ठोकायचा तरी चर्चच्या स्वतःच्या परवाना-व्यवस्थेकडे जावं लागतं. अ‍ॅबट्स कोर्ट हे राहतं खासगी घर. त्याला ऐतिहासिक इमारतींच्या यादीचं संरक्षण आहे. ही यादी नगररचना कायद्यातून येते. तिथे घरमालक राहू शकतो, पण इमारतीचं रूप बदलणाऱ्या कामाला आधी परवानगी हवी. आणि या दोहोंच्या मधे आपलं चॅपेल : आता ना त्यात उपासना, ना वस्ती, म्हणून निखळ स्मारक. गावात तिघंही जुनी. कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या जातींची. त्याच न्यायाने चॅपेल जोवर स्वयंपाकघर होतं तोवर आजच्या कायद्याने ते स्मारकच ठरलं नसतं.

आपल्याकडे ही रेघ वेगळ्या जागी ओढलेली आहे. अंबरनाथचं मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि तिथे पूजाही चालते, महाशिवरात्रीला रांगा लागतात. 1958 चा आपला कायदा संरक्षित स्मारकात चालू उपासना गृहीत धरतो आणि तिथलं पावित्र्य जपायची जबाबदारीही सांगतो. कोणती पद्धत बरी यावर वाद घालता येईल. इंग्रजी पद्धतीत हिशोब स्वच्छ, पण वास्तू रिकामी. आपल्याकडे वास्तू जिवंत, पण तेलाचे थर, ऑइल पेंट आणि फरशांची हौस यांच्याशी रोजची झटापट.

चॅपेलचा सांभाळ आज इंग्लिश हेरिटेज ही धर्मादाय संस्था करते. 2015 पर्यंत याच नावाची सरकारी संस्था स्मारकं सांभाळण्यापासून याद्या ठरवण्यापर्यंत सगळं बघत असे. त्या वर्षी तिचे दोन भाग झाले. सल्ला आणि याद्यांचं काम हिस्टॉरिक इंग्लंडकडे गेलं, आणि चारशेहून अधिक स्थळांची प्रत्यक्ष देखभाल नव्या धर्मादाय संस्थेकडे. स्टोनहेंजसारख्या ठिकाणी तिकिटाचे पैसे येतात; डीअरहर्स्टसारख्या जागा फुकट पाहायला मिळतात आणि त्यांचा खर्च त्या मोठ्या भावंडांच्या कमाईतून आणि सभासदांच्या वर्गणीतून भागतो.

देखभाल म्हणजे करायचं काय? 'नव्यासारखं करणं' नाही, ही गोष्ट या मुलखातच ठासून सांगितली गेली. डीअरहर्स्टहून काही मैलांवर ट्यूक्सबरीचं भव्य मठ-चर्च आहे. 1877 मध्ये तिथे गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाचं जीर्णोद्धाराचं काम चालू होतं. त्यावर चिडून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने एक पत्र छापलं आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. तिचं म्हणणं थोडक्यात : पडझड रोखा, पण मूळ कसं असेल याची कल्पना करून नवीन घडवू नका. एक कौल निसटलं तर तेच वेळेवर बसवा, म्हणजे भिंत पाडायची वेळ येणार नाही. ओड्डाचं चॅपेल घरापासून मोकळं करण्याचं काम त्यानंतर थोड्याच वर्षांत झालं.

तरी प्रश्न राहतोच. मजले काढले, चूल काढली, म्हणजे काही शतकांचा घरगुती इतिहासही काढला. सॅक्सन भिंत महत्त्वाची आणि नंतरच्या गृहिणीची काजळी बिनमहत्त्वाची, हा निवाडा त्या वेळच्या लोकांनी केला. आज कदाचित थोडी काजळी राखली असती.

रोजचं काम मात्र पाण्याशीच. सेव्हर्न पुराची नदी आहे. जुलै 2007 मध्ये ट्यूक्सबरीच्या आसपासचा सारा मुलूख पाण्याखाली गेला होता. ओल भिंतीत चढणारच. ती बाहेर कशी पडेल हे बघायचं. म्हणून दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या फटी, भरायच्या त्या चुन्याने. चुना दगडापेक्षा मऊ असतो, ओल त्यातून बाहेर निघते आणि झीज झालीच तर चुन्याची होते, जी पुन्हा भरता येते. सिमेंट दगडापेक्षा कडक. ओल कोंडते, मग दगडाचा पापुद्रा सुटतो. आपल्या गडांवर सिमेंटने भरलेल्या दर्जांच्या कडेला दगड फुटलेला पाहिला असेल तर हे वेगळं सांगायला नको.

कुणी तिकडे गेलंच तर चॅपेलला तिकीट नाही. भिंतीपाशी दिसणारा ओड्डाचा शिलालेख ही प्रतिकृती आहे. अस्सल पाहायचा तर ऑक्सफर्ड गाठायला हवं. तो दगड आता परत मूळ जागी आणावा असं मला वाटत नाही, पुराच्या काठी तर नाहीच. आणि सेंट मेरीच्या चर्चमध्ये अवश्य डोकवा. डॅनिश लोकांच्या हातून 1012 मध्ये मारले गेलेले कँटरबरीचे आर्चबिशप एल्फेह तरुणपणी तिथल्याच मठात होते, आणि तिथले दगडात कोरलेले प्राण्यांचे तोंडवळे ओड्डाने चॅपेल बांधायला घेतलं तेव्हाही जुनेच होते.